बटण फैजपूरला, बोट पुण्यात

आमचं दुकान मूळचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं. वडिलांच्या काळात दारात जळालेल्या सबमर्सिबल मोटारी ओळीनं पडलेल्या असायच्या आणि आत सगळीकडे वार्निशचा वास. जळगाव जिल्ह्यातला आमचा यावल-रावेर पट्टा म्हणजे केळी, केळी म्हणजे पाणी आणि पाणी म्हणजे मोटार. व्होल्टेज पडलं, एक फेज (तीनपैकी एका तारेची वीज) गेला, मोटार जळाली, की माणूस आमच्या दारात. आता मी रिवाइंडिंगबरोबर स्टार्टर, पॅनल, घराचं वायरिंग, कॅमेरे असं सगळंच बघतो. हल्ली एक नवीन गिऱ्हाईक वाढलंय: पुण्याला, मुंबईला, नाहीतर थेट अमेरिकेत असलेली इथली मुलं. रविवारी फोन येतो. "दादा, आई-पप्पा दोघंच असतात तिकडे. घर जरा स्मार्ट करून द्या ना."

स्मार्ट म्हणजे काय, ते त्यांनी यूट्यूबवर बघितलेलं असतं. व्हॉट्सअपवर सामानाची यादी येते. टच पॅनल, वायफायचे दिवे, दाराला कॅमेरा, बोलणारा स्पीकर. ज्यांच्या घरात हे लागायचं त्या दोघांनी यातलं काहीच मागितलेलं नसतं. त्यांना विचारलं तर बहुतेक वेळा एकच उत्तर: "टाकीचं काहीतरी कर बापा, रोज पाणी वाया जातं."

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत घरात कोणती यंत्रं येतील, रोबोट भांडी घासतील का, यावर खूप लिहिलं जातं. त्यातलं बरंचसं अशा लोकांनी लिहिलेलं असतं ज्यांच्याकडे लाईट जात नाही. मी लाईट जाणाऱ्या गावातून लिहितोय. आणि माझं म्हणणं असं, की आमच्याकडे ऑटोमेशन येऊन बरीच वर्षं झाली. ते आधी विहिरीवर आलं, एवढंच. तिथं ते का टिकलं हे बघितलं की घरात काय टिकेल याचा अंदाज येतो.

शेतीला थ्री फेज लाईट पाळीनं मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की माणसानं झोपेतून उठायचं, बॅटरी आणि काठी घ्यायची आणि विहिरीवर जायचं. केळीच्या बागेत रात्री पाय कुठं पडतोय ते दिसत नाही. साप, रानडुकरं, सातपुड्याच्या कडेला बिबट्याची भीती. एवढं करून तिथं जाऊन बघावं तर लाईट आलेलीच नाही. परत घरी, परत उठा.

यावर पहिला उपाय निघाला ऑटो स्विचचा. लाईट आली की मोटार आपोआप चालू. एकाच्या शेतात झकास. पण एका डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्यांनी ऑटो स्विच लावला की लाईट येताच सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, आणि उठताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपीचा फ्यूज उडतो, कधी डीपीच जळतो, मग सगळं शिवार कोरडं. महावितरण इतकी वर्षं कंठशोष करतंय, ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. ऐकतंय कोण? ज्याचं पाणी राहिलं त्याला शेजाऱ्याच्या फ्यूजशी घेणंदेणं नसतं.

मग मोबाईल स्टार्टर आला. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं 'नॅनो गणेश' हे त्यातलं गाजलेलं नाव, नंतर बऱ्याच कंपन्या उतरल्या. पेटीत सिम कार्ड असतं. शेतकऱ्यानं फोन लावायचा, आतून मराठीत बाई बोलते, मोटार चालू करायला हे दाबा, बंद करायला ते दाबा. तिन्ही फेज आहेत का, व्होल्टेज किती, विहिरीतलं पाणी संपून मोटार कोरडी तर चालत नाही ना, हे पेटी स्वतः बघते. चोरांनी केबल तोडली तर काही पेट्या मालकाला फोन करतात.

माझ्या गिऱ्हाइकांत एक नाना आहेत, सत्तरी पार. वाचता येतं जेमतेम. ते फोन कानालासुद्धा लावत नाहीत. नंबर लावतात, मनातल्या मनात काहीतरी मोजतात, एक आकडा दाबतात आणि फोन बंडीच्या खिशात टाकतात. बाई आत बोलतच असते. लग्नाच्या पंगतीत एका हातानं वरणात बट्टी कुस्करत दुसऱ्या हातानं शेतातली मोटार बंद करताना मी त्यांना बघितलंय. कंपनीच्या पोरानं एकदा त्यांना ॲप दाखवलं. आलेख, युनिट, महिन्याचा हिशेब, सगळं रंगीत. नाना म्हणाले, "भो, मले हे चित्र काय करायचं? पाणी पडून राह्यलं का नही, तेवढं सांग."

तक्रारी आहेतच. बऱ्याच जुन्या पेट्या टू-जीवर चालतात, त्यामुळे ज्या कंपनीकडे टू-जीच नाही तिचं सिम त्यात घालून उपयोग नसतो. बोलायचं काही नाही, तरी सिम जिवंत ठेवायला रिचार्ज मारत बसा. पावसाळ्यात मोटार बंद, रिचार्ज राहून जातं आणि पाऊस उघडल्यावर पेटी मुकी. मग माझ्याकडे, "पेटी खराब निघाली."

तरी ती टिकली. ज्याला रात्री उठावं लागायचं, बटण त्याच्याच खिशात आलं. पेटी आली म्हणून स्टार्टरची हिरवी-लाल बटणं गेली नाहीत, वाटलं तर जाऊन हातानं दाबा. आणि पेटी बिघडलीच तर गावातला कुठलाही वायरमन दोन वायरी काढून मोटार डायरेक्ट करून देतो, बागेचं पाणी थांबत नाही. कोणी सांगून, जाहिरात करून हे झालं नाही. ठिबकचंही तसंच. जळगाव म्हणजे जैन इरिगेशनचं गाव, त्यामुळे ठरल्या वेळी उघडणारे-मिटणारे व्हॉल्व्ह, पाण्यातून मोजून जाणारं खत, हे आमच्या पोरांना लहानपणापासून माहीत. कोणी त्याला रोबोट म्हणत नाही, पण दुसरं काय आहे ते?

आता त्याच नानांच्या घरात या. मे महिना, जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास, कुलर रात्रंदिवस चालू. कुलरमध्ये पाणी कोण टाकतं? नानी. बादलीनं, दिवसातून कितीदा ते तीच जाणे. वास्तविक वरच्या टाकीवरून एक बारीक नळी आणून कुलरला छोटा बॉलकॉक बसवला की विषय संपला. पाणी खाली गेलं की आपोआप सुरू, भरलं की बंद. ना वायफाय, ना सिम. खर्च म्हणाल तर स्टार्टरच्या पेटीच्या मानानं किरकोळ. ज्यांच्या शेतात मोबाईलवर मोटार चालते अशा कितीतरी घरांत कुलरला बॉलकॉक नाही. मी विचारतो तेव्हा नाना म्हणतात, "अरे हां, करून टाक कधीतरी." ते कधीतरी येईपर्यंत जून उजाडतो.

याला मी पैशाचा प्रश्न मानत नाही. विहिरीवर रात्री नाना जायचे, बादली नानी उचलते. कंबर कोणाची दुखते आणि पाकीट कोणाकडे आहे, यावर कुठलं यंत्र आधी येतं ते ठरतं. आमच्या गल्लीत घरगुती पिठाच्या गिरण्या फटाफट आल्या, कारण बायकांनी त्या बचत गटातून स्वतः घेतल्या.

टाकीचं तेवढं सविस्तर सांगतो, कारण माझ्या धंद्यात खपतं तेच. साधी पद्धत अशी: टाकीत स्टीलच्या सळया सोडायच्या, पाणी वरच्या सळईला टेकलं की सर्किट पूर्ण होतं आणि मोटार बंद. कागदावर सोपं. पण आमच्या बोअरचं पाणी जड. काही महिन्यांत सळईवर पांढरा थर धरतो, आधी नुसता धुरकट, मग चांगला जाड, नखानं खरवडला तरी न निघणारा. थर धरला की पाणी टेकून काय उपयोग, करंटच जात नाही. मोटार चालूच, टाकी वाहतेय, पाणी गच्चीवरून शेजाऱ्यांच्या वाळवणात. कुरडयांच्या दिवसात असं झालं की भांडण कोर्टापर्यंत जायचंच बाकी राहतं. सळया काढून व्हिनेगरमध्ये भिजत घातल्या की थर सुटतो, पण गच्चीवर चढून दर दोन-तीन महिन्यांनी हे करणार कोण? म्हणून मी आता जड पाण्याच्या घरात सळया लावतच नाही, तरंगणारा फ्लोट स्विच लावतो. त्याला क्षाराचा फरक कमी पडतो. स्मार्ट होमच्या जाहिरातीत क्षार हा शब्द मी आजवर ऐकलेला नाही.

उन्हाचंही कोणी बोलत नाही. या सगळ्या पेट्यांच्या आत छोटे कॅपॅसिटर असतात आणि त्यांचं ढोबळ गणित असं की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य अर्ध्यावर येतं. गच्चीवर उन्हात पत्र्याच्या पेटीत मे महिन्यात हात घालून बघा. बाहेरगावच्या थंड हवेत पाच वर्षं चालणारी वस्तू इथं दोन उन्हाळ्यांत बसली तर त्यात नवल नाही. पेटी सावलीला, उत्तरेच्या भिंतीला लावा, हा माझा सगळ्यात स्वस्त सल्ला.

तर मुलांनी सांगितलेली घरं. फैजपूरला एक काकू आहेत. काका गेले, मुलगा पुण्यात आयटीत, घर मागं धाब्याचं आणि पुढं स्लॅबचं. मुलगा गुणी आहे, सणावाराला येतो, रोज फोन करतो. त्यानं स्वयंपाकघरात काचेचं टच पॅनल निवडलं आणि मी ते बसवलं. दिसायला देखणं. पण बायकांची एक सवय तुम्ही पाहिली असेल: भाकरी थापताना हात पिठाचे असले की बटण कोपरानं दाबायचं. ठक्. जुन्या बोर्डावर बटणाला उंचवटा असतो, कोपराला न बघता कळतं, पंख्याचं तिसरं, दिव्याचं पहिलं. काचेवर कोपर टेकलं की दोन दिवे आणि एक्झॉस्ट एकदम. ओलं बोट लावलं तर कधी लागतं, कधी नाही. काकू एका हातात तवा-उलथणं घेऊन पदरानं काच पुसताना मी बघितल्या आणि मला काय ते कळलं.

दुसरी भानगड लाईट जाण्याची. वायफायचे स्वस्त दिवे लाईट जाऊन आली की आपोआप पेटतात. कारखान्यातूनच तसे येतात, आणि त्यामागं कारणही आहे: कोणी भिंतीवरचं बटण बंद-चालू केलं तर दिवा लागला पाहिजे ना. पण जिथं रात्रीतून दोनदा लाईट जाते तिथं म्हातारं माणूस दोनदा दचकून उठणार. बहुतेक ॲपमध्ये "लाईट आल्यावर आधी होतं तसंच" असा एक पर्याय आत कुठंतरी दडवलेला असतो. तो लावून दिल्याशिवाय बसवणाऱ्यानं पैसे मागू नयेत. आणि वायफायचा डबा इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. दिवे इन्व्हर्टरवर आणि डबा मेनवर अशी घरं मी बघितली आहेत. लाईट गेली की दिवे चालू, पण त्यांना हुकूम देणारं कोणी नाही.

तिसरी गोष्ट मात्र वायरिंगची नव्हती. मुलगा पुण्यातून फोनवर बघायचा, गिझर चालू राहिलाय, की बंद. काळजीपोटीच. काकू अंघोळीला जायच्या तर पाणी गार. दुपारी ओट्यावरचा दिवा लागलेला दिसला की तिकडून बंद. त्या ओट्यावर भरदुपारीसुद्धा अंधार असतो, हे ॲपमध्ये कुठं दिसणार? काकू मला म्हणाल्या, "बापा, मी लावते अन् तो तठून बंद करतो. मले सांग, घर माह्यं का त्याचं?"

मी पोराशी बोललो. त्याचंही अगदी खोटं नव्हतं, एकदा गिझर रात्रभर चालू राहिला होता. मग आम्ही काच काढली आणि जुना सनमायकाचा बोर्ड परत लावला, आणि त्याच्या मागं रिले मॉड्यूल, म्हणजे फोनवरून चालू-बंद करणारे छोटे डबे, बसवले. बटण तसंच, ठक् तसंच, मॉड्यूल आत. इथं जुन्या घरांचा एक फायदा सांगायला हवा. लाकडी-सनमायकाच्या बोर्डामागं ऐसपैस जागा असते, मॉड्यूल आरामात बसतात. नवीन मॉड्युलर बॉक्स एवढे उथळ असतात की वायरी कोंबता कोंबता घाम निघतो. जुन्या घरात अडतं ते न्यूट्रलवर, म्हणजे विजेच्या परतीच्या तारेवर. ज्या बोर्डावर प्लगचा पॉइंट आहे तिथं न्यूट्रल मिळतो, पण जिन्यातल्या नाहीतर न्हाणीबाहेरच्या एकट्या बटणाला तो नसतो, आणि बहुतेक मॉड्यूलला लागतोच. अशा ठिकाणी मी स्मार्टबिर्ट काही करत नाही. जिन्याला वरून-खालून दोन्हीकडून लागणारा दोन-वे स्विच आहे, बस झालं.

गिझरला मी अर्ध्या तासाचं टायमर कटऑफ लावलं. पोराच्या फोनवर आता सगळं दिसतं, पण हात लावता येत नाही. तोही खूश आहे, आईशी भांडण संपलं.

या सगळ्यात एक प्रश्न गिऱ्हाईक कधीच विचारत नाही आणि मला तो सगळ्यात मोठा वाटतो. तुम्ही फैजपूरच्या खाटेवर बसून फोनवर पंखा बंद केला, तर तो हुकूम जातो कुठून? बऱ्याच स्वस्त स्विचमध्ये तो आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तो सर्व्हर कदाचित दुसऱ्या देशात, आणि तिथून परत तुमच्या डोक्यावरच्या पंख्यावर. इंटरनेट गेलं की ॲप ठप्प. कंपनीच बुडाली तर? एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेत इन्स्टिऑन नावाच्या कंपनीचे सर्व्हर एकाएकी बंद झाले आणि लोकांची स्मार्ट घरं एका रात्रीत अडाणी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'मॅटर' नावाचं सामायिक मानक आलं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तूंनी एकमेकांशी घरातल्या घरात बोलावं, सर्व्हरवर अडू नये, असा त्याचा हेतू. 'होम असिस्टंट' नावाची मुक्त प्रणाली तर २०१३ पासून आहे, एका छोट्या कॉम्प्युटरवर सगळं घर चालतं, बाहेर काही जात नाही. आमच्याकडे अजून हे मागणारं गिऱ्हाईक विरळ, पण मी सामान घेताना आता हेच बघतो: नेट काढून टाकलं तर चालतं का?

बोलणाऱ्या स्पीकरबद्दल मी आधी नाक मुरडायचो. पण हात पिठात असताना तोंडानं पंखा बंद करता आला तर ते खरंच कामाचं आहे. गूगल असिस्टंट २०१८ मध्ये मराठी शिकला. आमच्या घरात लेवा बोली, पलीकडच्या गल्लीत अहिराणी, आणि मागं टीव्हीवर मालिका मोठ्यानं. त्यात तो गडबडतो. सुधारेल. यात अवघड काय, तर भाषा शिकणं नाही, आवाजातून माणूस ओळखणं. नातवानं ओरडून कुलर बंद केला की आजीनं काय करायचं?

आता रोबोट. जळगावात एका डॉक्टर जोडप्याकडे झाडणारा रोबोट आहे, गोल तबकडीचा. फ्लॅटमध्ये छान फिरतो, खोलीचा नकाशा बनवतो, कोपरा विसरत नाही. अमेरिकेत असला रूम्बा २००२ मध्येच आला, म्हणजे वस्तू काही कालची नाही. पण तोच आमच्या वाड्यात आणला तर पहिल्याच उंबऱ्याला हात टेकतो. असली यंत्रं साधारण दोन सेंटिमीटरपर्यंतचा उंबरा चढतात, आमचे उंबरे वीतभर. शिवाय खाली गोधडी, चटई, पसरलेले गहू, वेचून आणलेला कापूस. आमच्या घरात जमीन म्हणजे बसायची, निवडायची, वाळवायची जागा. रिकामी असते कधी?

रोबोटवर संशोधन करणारे हॅन्स मोराव्हेक यांनी १९८८ मध्येच लिहून ठेवलंय की माणसाला जे कठीण, बुद्धिबळ, गणित, ते यंत्राला सोपं, आणि वर्षाच्या पोराला जे सहज जमतं, बघणं, उचलणं, चालणं, ते यंत्राला महाकठीण. हे माझ्या बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मग स्वयंपाकाला सोपं काम म्हणणारे कोण होते?" पोळीचंच बघा. मूळच्या पुण्याच्या प्रणोती नगरकर यांनी सिंगापूरला २००८ मध्ये पतीबरोबर कंपनी काढली आणि पीठ मळून, लाटून, भाजून देणारं रोटीमॅटिक बनवलं. बाजारात यायला वर्षानुवर्षं गेली, इतकं ते अवघड होतं. आणि ती गव्हाची पोळी, म्हणजे चिकट, धरून राहणारं पीठ. कळण्याच्या भाकरीचं पीठ ज्वारी-उडदाचं, त्याला गव्हासारखी ओढ नाही, हातानं थापतानाच कडा फाटतात. खापरावरच्या मांड्याचं तर नावच काढू नका. पुरण भरलेली पोळी हातावर फिरवत-फिरवत कोपरापर्यंत नेणारी बाईच आता गावात शोधावी लागते, यंत्र कुठलं.

तरी माणसासारखे रोबोट येऊ घातलेत. वनएक्स नावाच्या कंपनीनं ऑक्टोबर २०२५ मध्ये 'निओ' नावाच्या घरगुती रोबोटचं बुकिंग सुरू केलं. उंचीनं माणसाएवढा, वजन तीसेक किलो, किंमत २०,००० डॉलर, म्हणजे आपले सतरा-अठरा लाख. कपड्यांच्या घड्या, दार उघडणं, वस्तू आणून देणं. आणि जे काम त्याला येत नाही, ते कंपनीचा माणूस लांब बसून, त्याच्या डोळ्यांतून तुमचं घर बघत त्याच्याकडून करवून घेणार. मालकाच्या परवानगीनं, ठरल्या वेळी, वगैरे. मी काकूंच्या गिझरवरून एवढं रामायण ऐकलंय, त्यामुळे मला या बातमीत रोबोटपेक्षा तो लांबचा माणूस जास्त दिसला. तिकडे तमिळनाडूत करूरला तरुण पोरं कपाळाला कॅमेरा बांधून दिवसभर टॉवेलच्या घड्या घालतात, त्यांचे हात बघून परदेशातले रोबोट घड्या घालायला शिकतात, अशी बातमी २०२५ मध्ये आली होती. म्हणजे हात शेवटी कोणाचे, ते समजून घ्या. आमच्या यावल-रावेरची आयटीआय झालेली पोरं उद्या याच कामाला लागली तर मला आश्चर्य वाटणार नाही. पगार नीट मिळाला तर काम वाईटही नाही. दुसऱ्याच्या घरात डोकावायचे पैसे असतील तर मात्र त्याचे नियम आधी लिहून घ्या.

अठरा लाखांचा रोबोट फैजपूरला कधी येईल, मला घाई नाही. मला लवकर यावीशी वाटतात ती यंत्रं छोटी आहेत. गॅसगळतीचा सेन्सर प्रत्येक घरात हवा, आणि तो नीट जागी हवा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो, सेन्सर फरशीपासून फूटभर उंचीवर पाहिजे. लोक हौसेनं छताजवळ लावतात, कॅमेऱ्याशेजारी. कमी वॉटचे बीएलडीसी पंखे आमच्याकडे खूप खपतात, साधा पंखा सत्तर-पंच्याहत्तर वॉट खातो तिथं हा तीसेक वॉटवर चालतो, म्हणजे इन्व्हर्टर रात्र काढतो. फक्त रिमोट हरवतो. म्हातारी माणसं अजून भिंतीवरचा रेग्युलेटर फिरवत बसतात, जो आता कशालाच जोडलेला नाही.

आणि एकट्या राहणाऱ्यांसाठी पडल्याचं ओळखणारं रडार. यात कॅमेरा नसतो, मिलिमीटर-वेव्ह म्हणजे अगदी आखूड रेडिओ लहरी सोडून माणूस उभा आहे, बसलाय की आडवा पडलाय ते कळतं. न्हाणीघरात कॅमेरा कोणी लावू देणार नाही आणि लावूही नये, पण म्हातारी माणसं पडतात ती तिथंच. एक अडचण आहे: हलणारा पंखा, हलणारा पडदा यानं ते फसतं, आणि आमच्या घरात पंखा थंडी सोडली तर कायम फिरतोच. न्हाणीत पंखा नसतो, म्हणून सुरुवात तिथून.

काकूंकडे हे रडार लावायचं ठरलंय. त्यांनी एक अट घातली आहे: पडल्याचा पहिला निरोप पुण्याला जायचा नाही, शेजारच्या वहिनींच्या फोनवर जायचा, कारण "तो येईल आठ-नऊ तासांनी, ही येईल चपला न घालता." पोरानं कबूल केलंय. सेन्सर मागवला आहे, आला की न्हाणीच्या दाराच्या वर, भांड्यांच्या फळीच्या आड येणार नाही असा लावायचा आहे. वाफेनं काही होतं का ते थंडीतच कळेल.